आहेरात कोणते भांडे द्यावे?

शाळेतील एखाद्या सहकाऱ्याचे लग्न ठरले, की शिक्षकखोलीत वर्गणी निघते आणि पाठोपाठ एकच प्रश्न येतो : भांडे कोणते घ्यायचे? बहुतेक वेळा दुकानात गेल्यावर जे चकचकीत दिसेल ते घेतले जाते, त्यावर नाव कोरून घेतले जाते आणि नव्या जोडप्याच्या घरी पाण्याचे बारा ग्लास, चार हंडे व तीन डिनर सेट जमा होतात. रोज लागणारी कढई मात्र कोणीच दिलेली नसते.

आधीच यादी करून आहेर वाटून घेतला तर हे टळेल. पण यादी करायची कशी? या लेखात आपण जव्हार-मोखाड्यातील एक घर डोळ्यांसमोर ठेवू. पालघर जिल्ह्यातील या डोंगराळ तालुक्यांत वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी अशा समाजांची वस्ती आहे. नागली, वरई, भात, उडीद ही येथील पिके. चूल बहुधा लाकडाची. आणि दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्टीवर किंवा बांधकामावर कामाला जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. तेव्हा भांडे निवडताना तीन प्रश्न विचारावे लागतात. ते कोणत्या आगीवर चढणार? ते कोण वाहून नेणार? आणि त्यात काय शिजणार?

आग आणि भांडे

उष्णता वाहून नेण्याची धातूंची क्षमता फार वेगवेगळी असते. ॲल्युमिनियम हे स्टेनलेस स्टीलच्या सुमारे पंधरा पट, तर तांबे सुमारे पंचवीस पट चांगले वाहक आहे. लोखंड या दोन टोकांच्या मध्ये येते. यावरून 'स्टीलमध्ये पाणी उशिरा उकळते' असे कोणी म्हणेल. प्रत्यक्षात भांड्याचा पत्रा इतका पातळ असतो, की पाणी उकळण्याच्या वेळेत फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो उष्णता पसरण्यात. चुलीची ज्वाळा तळाच्या एखाद्या भागालाच लागते. पातळ स्टीलच्या टोपात तेवढाच भाग तापतो आणि तेथेच नागलीची आंबील खाली लागते. ॲल्युमिनियमच्या जाड टोपात ती उष्णता चहूकडे पसरते. म्हणून स्टीलचा टोप घ्यायचाच असेल तर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा थर बसवलेला, जाड बुडाचा घ्यावा.

जळण वाचवायचे असेल तर धातूपेक्षा झाकण महत्त्वाचे. उघड्या टोपातील बरीच उष्णता वाफेबरोबर निघून जाते. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. तेथे पाणी साधारण ९८.५ अंश सेल्सिअसलाच उकळते. प्रेशर कुकरमध्ये मात्र तापमान १२० अंशांच्या आसपास जाते आणि उडीद लवकर शिजतो. जिला सरपणाची मोळी डोक्यावर आणावी लागते, तिच्यासाठी कुकर ही चैन नाही. कुकरवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे, ते पाहूनच घ्यावा.

वजनाचा हिशेब

खेड्यांत ज्या भांड्यांना 'जर्मनची भांडी' म्हणतात ती ॲल्युमिनियमची असतात. शहरी पाहुणा त्यांच्याकडे नाक मुरडून पाहतो. पण ॲल्युमिनियमची घनता २.७, तर स्टीलची ८ च्या जवळपास आहे. म्हणजे सारख्याच मापाचा व जाडीचा टोप स्टीलमध्ये तीन किलो भरला, तर ॲल्युमिनियममध्ये तो एक किलोच भरेल. ज्या बाईला आपला सगळा संसार गाठोड्यात बांधून भट्टीवर न्यायचा आहे, तिने हलके भांडे निवडले तर ती अडाणीपणाने नव्हे, हिशेबाने वागते.

ॲल्युमिनियमचा दोष दुसरा आहे. आंबट किंवा खारट पदार्थात ते थोडेथोडे विरघळते. निरोगी माणसाची मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात, आणि त्यामुळे स्मृतिभ्रंश होतो हे सिद्ध झालेले नाही. तरीही चिंचेचे सार किंवा आंबील त्यात साठवू नये. खरी काळजी भंगारातून ओतलेल्या स्वस्त भांड्यांची आहे. कॅमेरूनमधील अशा भांड्यांतून शिसे अन्नात उतरते, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. लहान मुलांच्या मेंदूला शिसे घातक असते. म्हणून खात्रीच्या उत्पादकाचे, आयएसआय चिन्ह असलेले भांडे घ्यावे.

ताक का कळकते?

'पितळेच्या भांड्यात ताक कळकते' हे आपल्या आजीला ठाऊक होते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. ताकातील आम्लात तांबे विरघळते, चव बिघडते आणि मळमळू लागते. म्हणून भांड्याला आतून कल्हई करत. भांडे तापवून, नवसागराने साफ करून त्यावर कथलाचा पातळ थर फिरवत. कथील २३२ अंशांना वितळते, त्यामुळे ते चुलीवरच्या भांड्यावर सहज पसरते. आज कल्हईवाला क्वचितच दिसतो. पितळेची भांडी मात्र 'पारंपरिक' म्हणून आहेरात पुन्हा येऊ लागली आहेत.

येथे पुण्यात लागलेला एक शोध सांगायला हवा. दोन-तीन वर्षांच्या मुलांचे यकृत कठीण होत जाऊन ती दगावत, असा एक आजार भारतात पूर्वी बराच आढळे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांना काय पाजले जाते याची चौकशी केली. आजारी मुलांना लहानपणापासून वरचे दूध दिले गेले होते आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवले वा साठवले जात होते. हे निष्कर्ष १९८३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढील प्रयोगांत दिसले, की पितळेच्या भांड्यातील साध्या पाण्यात तांबे फारसे उतरत नाही. दूध मात्र ते ओढून घेते, कारण दुधातील केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते. दुधासाठी स्टीलची पातेली आली आणि हा आजार दुर्मीळ झाला. बाळाच्या दुधाचे भांडे स्टीलचेच द्यावे, एवढा धडा यातून घेतला तरी पुरे.

लोखंडाची कढई

१९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे येथील कुपोषण साऱ्या महाराष्ट्राला कळले. कुपोषणाचा एक न दिसणारा भाग म्हणजे रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील ५७ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील ६७ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त होती. भांडे येथे थोडी मदत करू शकते. इथिओपियात मुलांच्या दोन गटांवर वर्षभर केलेला एक प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. लोखंडी भांड्यात शिजवलेले अन्न खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन सरासरी १.७ ग्रॅमने वाढले, तर ॲल्युमिनियमच्या भांड्यातील अन्न खाणाऱ्यांचे ०.४ ग्रॅमने.

पण 'आमच्याकडे लोखंडी तवा आहेच' असे म्हणून थांबू नये. भाकरी कोरडी असते आणि तव्यावर थोडाच वेळ राहते. तिच्यात लोह फारसे उतरत नाही. ओला, आंबटसर आणि बराच वेळ शिजणारा पदार्थ लोह घेतो. म्हणजे तव्यापेक्षा कढई कामाची : टोमॅटो किंवा चिंच घातलेली भाजी, आमटी त्यात करावी. शिजल्यावर पदार्थ लगेच दुसऱ्या भांड्यात काढावा, नाहीतर तो काळा पडतो. कढई धुऊन, चुलीवर कोरडी करून तिला खुरासणीच्या तेलाचा हात लावला तर गंज चढत नाही. मलावी देशात अशी भांडी वाटली, तेव्हा ती जड आहेत व गंजतात अशी बायकांची तक्रार आली. म्हणून कढई बेताच्या आकाराची, उचलता येईल अशीच निवडावी.

कढई हे औषध नव्हे, हेही सांगायला हवे. या पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो आणि तो लोहाने बरा होत नाही. रक्ताची तपासणी व लोहाच्या गोळ्या यांची जागा कढई घेऊ शकत नाही.

ताटे-वाट्या

जेवणाच्या भांड्यांत स्टीलला तोड नाही. स्टीलमधील क्रोमियम पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार करते. ओरखडा पडला तरी तो थर आपोआप पुन्हा बनतो. दुकानदार लोहचुंबक लावून 'चिकटत नाही, म्हणजे उत्तम माल' असे सांगतो. हा पुरावा अपुरा आहे. निकेल कमी व मँगनीज जास्त असलेले स्वस्त स्टीलही चुंबकाला सहसा चिकटत नाही. केंद्र सरकारने २०२४ साली स्टीलच्या व ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठी आयएसआय चिन्ह सक्तीचे करण्याचा आदेश काढला, तेव्हा ते चिन्ह शोधावे.

मेलामाइनचे रंगीत डिनर सेट आहेरात फार येतात. गार पदार्थांना ते चालतात; उकळती आमटी किंवा कढत चहा त्यांत नको, कारण उष्णतेने व आम्लाने त्यातील फॉर्माल्डिहाइड सुटू शकते. आणि लग्नाच्या पंगतीसाठी पळसाच्या पत्रावळीसारखे ताट नाही. राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या ताटांना बंदी आहे. पत्रावळ मात्र उकिरड्यात पडली की तिचे खत होते.

आपली यादी

आता यादी करू. बेताची लोखंडी कढई. झाकणासह जाड ॲल्युमिनियमचा टोप. आयएसआय चिन्हाचा कुकर. दुधासाठी स्टीलचे पातेले. स्टीलची सहा ताटे व बारा वाट्या. पाच जणांनी पाच गोष्टी वाटून घेतल्या तर कोणावरही भार पडणार नाही. मात्र यादी करण्यापूर्वी नवरीला विचारावे. चूल की गॅस, भट्टीवर जायचे की गावातच राहायचे, हे तिलाच ठाऊक असते.

वर्गात करून पाहा

काचेच्या दोन पेल्यांत थोडे व्हिनेगर घ्या. एकात स्वच्छ लोखंडी खिळा, दुसऱ्यात स्टीलचा चमचा रात्रभर ठेवा. सकाळी दोन्ही बाहेर काढून प्रत्येक पेल्यात हिरड्याचे गाळलेले पाणी घाला. हिरडा नसेल तर कोरा कडक चहा घ्या. लोखंडाच्या पेल्यातील द्रव थोड्या वेळात शाईसारखा काळा पडेल. स्टीलच्या पेल्यातील रंग फारसा बदलणार नाही. हिरड्यातील व चहातील टॅनिन लोहाशी बांधले जाऊन हा काळा रंग येतो. मग मुलांना एक प्रश्न विचारा : जेवणानंतर लगेच चहा प्यायला, तर कढईतून मिळालेल्या लोहाचे पोटात काय होत असेल?