तंजावरचं नवं घर आणि दक्षिणेची खिडकी

तंजावर म्हटलं की मराठी माणसाला व्यंकोजीराजे आठवतात, सरस्वती महाल आठवतो, बृहदीश्वराच्या देवळात दुसऱ्या सरफोजींनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसले कुळाचा मराठी शिलालेख आठवतो. तिथे कामाधंद्यासाठी जाऊन दोन खोल्यांचा फ्लॅट घेणाऱ्या कुटुंबाला मात्र वेगळेच प्रश्न पडतात. पैसे बेताचे असतात, घर रिकामं असतं आणि सल्ले मुंबई-पुण्याचे मिळतात. त्यातले बरेचसे कावेरीकाठी चालत नाहीत.

सर्वांत पक्का गैरसमज दिशेचा. ‘दक्षिणेची खिडकी म्हणजे घराची भट्टी’ असं म्हणत लोक तिथेच जाड पडदे आणि महागड्या फिल्म लावतात. तंजावर विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम पावणेअकरा अंशांवर आहे. मुंबई-पुण्यात सूर्य डोक्यावर येतो तो मेच्या मध्यावर. तंजावरात शून्य सावलीचा दिवस एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातच उजाडतो. तिथून ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यापर्यंत सूर्य दिवसभर उत्तरेच्या बाजूनेच फिरतो. म्हणजे मे महिन्यात, तमिळ लोक ज्याला अग्नी नक्षत्रम म्हणतात त्या ऐन तापाच्या दिवसांत, दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. ते मुख्यतः पडतं थंडीच्या महिन्यांत, जेव्हा त्याचा फारसा त्रास नसतो.

खरा त्रास पश्चिमेचा. दुपारी तीननंतरचं ऊन तिरपं येतं, त्यामुळे खिडकीवरचा छज्जा त्याला अडवू शकत नाही. आतला पडदाही फारसा उपयोगी नाही, कारण ऊन काचेतून एकदा आत शिरलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. त्यापेक्षा काचेच्या बाहेर, बाल्कनीत किंवा गजांवर, बांबूची चिक सोडावी. ती सोसायटीच्या परवानगीने लावावी, वाऱ्याने फडफडू नये म्हणून खालून बांधावी आणि पावसाआधी गुंडाळून ठेवावी. नव्या घरात एकाच गोष्टीला पैसे पुरणार असतील, तर ते या चिकेला द्यावेत.

दुसरा समज असा, की फॉल्स सीलिंगने घर गार होतं. छत तापतं ते फक्त सर्वांत वरच्या मजल्यावर, कारण तिथेच स्लॅबवर ऊन पडतं. मधल्या मजल्यावरच्या घरात वरच्या शेजाऱ्याची फरशी असते. तिथे ही छतं पाऊण-एक फूट उंची खातात, बाकी काही करत नाहीत. वरचा मजला असेल तर उपाय गच्चीवर करायला हवा. तमिळनाडूत स्लॅबवर विटांचे तुकडे आणि चुना यांचं काँक्रीट आणि त्यावर चपट्या मातीच्या फरशा बसवण्याची जुनी पद्धत आहे. त्यावर पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग दिला की फरक चांगलाच जाणवतो. उरलेले पैसे बीएलडीसी पंख्याला घालावेत. साधा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॉट खातो, हा तीस-पस्तीस. दिवसाला दहा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला बारा युनिट वाचतात.

रंगाचं वेळापत्रकही महाराष्ट्रातून उचलून चालत नाही. आपल्याकडे पावसाळा ओसरला की दिवाळीच्या तोंडावर रंगारी बोलावतात. तंजावरात दिवाळी ऐन पावसात येते, कारण तिथला मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबरचा. ओल्या भिंतीवर रंग दिला की पोपडे ठरलेले, आणि नवा गिलावा तर आधीच पाणी धरून असतो. तमिळ घरं रंगवतात ती पोंगलच्या आधी, पाऊस ओसरताना. तीच रीत पाळावी. नव्या फ्लॅटला पहिल्या वर्षी प्रायमर आणि एक साधा हात पुरे. ओल कुठे येते ते एका पावसात कळलं की मग चांगला रंग द्यावा.

प्लायवूडबद्दल थोडक्यात. ‘एमआर’ शिक्का म्हणजे वॉटरप्रूफ, ही समजूत चुकीची आहे. एमआर प्लाय दमटपणा सोसतं, पाणी नाही. सिंकखालच्या कपाटाला आयएस ७१० चा शिक्का बघून घ्यावा; झोपायच्या खोलीतल्या कपाटाला आयएस ३०३ चालतं. सगळीकडे महाग प्लाय लावायची गरज नाही.

आता भिंतीवरचं चित्र. तंजावर चित्र म्हणजे सगळंच सोनं, ते श्रीमंतांचं, असं समजून लोक छापील नक्कल घेतात. खऱ्या चित्रात लाकडी फळीवर कापड चिकटवतात, खडूची पूड आणि डिंक यांच्या लगद्याने दागिने, कमानी, खांब उठावदार करतात, काचेचे खडे बसवतात आणि फक्त त्या उठावावर सोन्याचा पातळ वर्ख चढवतात. बाकी सगळे रंग असतात. किंमत आकारावर, वर्खावर आणि कारागिरीवर ठरते, त्यामुळे लहान अस्सल चित्र मध्यमवर्गाच्या आवाक्यात बसू शकतं. नकली वर्ख काही काळाने काळवंडतो. घेताना वर्ख कशाचा ते विचारून पावतीवर लिहून घ्यावं, आणि ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगू नये. ही कला मराठ्यांनी शून्यातून निर्माण केली असंही नाही. तिची मुळं नायक काळात जातात, बहर मराठा दरबारात आला. चित्राला २००७-०८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

तेवढंही बजेट नसेल तर डोलणारी बाहुली आहे: तलैयाट्टी बोम्मै. तिला २००८-०९ मध्ये मानांकन मिळालं. नर्तकीच्या बाहुलीत डोकं, धड आणि घागरा वेगवेगळे घडवून एकावर एक तोललेले असतात. सरकारी पूम्पुहार दुकानात किंवा थेट कारागिराकडे ती हातात घेऊन हलकी टिचकी मारून बघा. डोकं, धड, घागरा तिन्ही वेगवेगळे डोलले तर घ्या. आणि घासाघीस करू नका. रंगवणाऱ्याच्या दिवसभराच्या कामाचा दाम त्यात असतो.