वैकिकीच्या वाळूवरचं सैनिकांचं घर

होनोलुलूच्या वैकिकी किनाऱ्यावर हॉटेलं एकमेकांना खेटून उभी आहेत. दोन इमारतींच्या फटीतून समुद्राचा निळा पट्टा दिसला तरी खोलीचं भाडं वाढतं. या दाटीच्या मधोमध सुमारे ७२ एकरांचा हिरवागार तुकडा मोकळा राहिला आहे. वडाची मोठी झाडं, हिरवळ, नारळ आणि समुद्राच्या बाजूला दोन उंच इमारती. ही जागा म्हणजे फोर्ट डिरसी, आणि त्या इमारती म्हणजे अमेरिकी सैन्यदलाचं ‘हाले कोआ’ हॉटेल. इथे पैसे असून भागत नाही. खोली मिळायची तर वर्दीशी नातं लागतं: सेवेतले सैनिक, निवृत्त सैनिक, राखीव दलाचे लोक, संरक्षण खात्याचे मुलकी कर्मचारी आणि त्यांची कुटुंबं.

आपल्याकडे जिल्ह्याच्या गावी सैनिकी विश्रामगृह असतं. कामासाठी आलेल्या माजी सैनिकाला रात्रीपुरती स्वस्त, सुरक्षित जागा मिळावी, एवढा त्याचा हेतू. हाले कोआमागचा विचार याहून पुढचा आहे. सैनिकाला विश्रांती द्यायची तर ती अडगळीच्या जागी नाही, शहरातल्या सर्वांत देखण्या किनाऱ्यावर द्यायची. हवाईला जायचं ठरवणाऱ्या सैनिकी कुटुंबापुढे आणखीही जागा आहेत. त्यांतली कोणती आपली, हे ओळखायचं तर आधी ही जागा कशी घडली ते पाहिलं पाहिजे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे मत्स्यतळी आणि दलदल होती. कालिया नावाच्या या भागात हवाईयन कुटुंबं राहत. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकणारा आणि पुढे सर्फिंग जगभर नेणारा ड्यूक काहानामोकू इथेच, शेजारच्या जागेत, आईच्या नातलगांत वाढला. सैन्याने जमीन घेतली, तळी बुजवली आणि किनाऱ्यावर तोफखाना उभारला. १९११मध्ये पूर्ण झालेल्या बॅटरी रँडॉल्फमध्ये चौदा इंची दोन तोफा होत्या. पर्ल हार्बर आणि होनोलुलू बंदराकडे येणारं शत्रूचं जहाज दूर समुद्रातच गाठायचं, हे त्यांचं काम. विमानं आली आणि अशा तोफांचा काळ संपला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या भंगारात गेल्या. इमारत मात्र गेली नाही. ती पाडायचा प्रयत्न झाला, पण काँक्रीट इतकं जाड की पाडणाऱ्यांनीच हात टेकले. शेवटी तिथे १९७६मध्ये सैन्याचं संग्रहालय सुरू झालं. आज हॉटेलातून चार पावलं चाललं की त्या भिंतींपाशी पोचता येतं. बाहेर ऊन आणि पोहण्याच्या कपड्यांतली माणसं, आत जाड भिंतींमधली गार, अंधारी दालनं. मुलं बरोबर असतील तर एक सकाळ इथे द्यावी. तिकीट नाही, आणि या किनाऱ्यावर सैन्य आलं कशासाठी ते पुस्तकापेक्षा इथे लवकर कळतं.

हॉटेलचं बीज व्हिएतनाम युद्धात आहे. लढाईवरच्या सैनिकाला पाच-सहा दिवसांची सुट्टी मिळे. बँकॉक, हाँगकाँग, सिडनी अशी ठिकाणं निवडता येत. लग्न झालेले बहुतेक हवाई मागत, कारण अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून बायकोला तिथवर येता येई. १९६६पासून फोर्ट डिरसी हे या सुट्टीचं केंद्र झालं. विमानतळावरून बस यायची, बायका आधीच रांगेने उभ्या असायच्या, आणि उतरणाऱ्या प्रत्येक चेहऱ्यात आपला माणूस शोधायच्या. काही जणींनी बापाने न पाहिलेलं तान्हं मूल कडेवर आणलेलं असे. मग ते पाच-सहा दिवस, आणि त्याच बसने परत. हाले कोआची पहिली इमारत, इलिमा टॉवर, १९७५मध्ये उघडली. तोवर ते युद्ध संपलं होतं. दुसरी, माइले टॉवर, १९९५मध्ये आली. दोन्ही मिळून आठशेवर खोल्या आहेत. इलिमा हे पिवळं नाजूक फूल, माइले ही सुवासिक पानांची वेल. हवाईत हारांसाठी दोन्हींना मान आहे.

या संस्थेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट तिच्या दरपत्रकात आहे. भाडं हुद्द्याप्रमाणे बदलतं. नुकता भरती झालेला शिपाई आणि कर्नल एकाच मजल्यावर, एकाच प्रकारच्या खोलीत, तोच समुद्र पाहत राहू शकतात, पण शिपाई कमी देतो आणि कर्नल जास्त. ज्याचा पगार तुटपुंजा आणि ज्याला घरापासून सर्वांत दूर पाठवलं जातं, त्याच्यासाठी दार सर्वांत रुंद ठेवायचं, हे तत्त्व साध्या हिशेबाच्या कागदावर उतरलेलं आहे. हॉटेल करदात्यांच्या पैशावर नाही, स्वतःच्या कमाईवर चालतं. म्हणजे वरिष्ठांच्या जास्त भाड्याचा फायदा कनिष्ठांपर्यंत थेट पोचतो. याच पद्धतीची सैन्याची आणखी विश्रांतिस्थानं फ्लोरिडात डिस्ने वर्ल्डजवळ, जर्मनीत गार्मिशला आणि सेऊलमध्ये आहेत. समुद्रकिनाऱ्यावरचं हे एकच.

तरीही प्रत्येकाने इथेच राहावं असं मी म्हणणार नाही. हाले कोआ हे शहरातलं मोठं हॉटेल आहे. पोहण्याचे तलाव आहेत, रेस्टॉरंट आहेत, विक्रीकर न लागणारं सैन्याचं दुकान आहे, आणि गाडी भाड्याने घेतली नाही तरी आठवडा मजेत जातो. म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी, पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी, स्वयंपाकातून खरोखर सुट्टी हवी असलेल्यांनी दुसरा विचार करू नये. मात्र इथल्या पाण्यात तळाशी प्रवाळाचे तुकडे पायाला टोचतात. पाण्यात जाण्याची चप्पल घेऊन गेलेलं बरं. आणि किनारा आपल्या एकट्याचा नसतो. हवाईच्या कायद्याने लाटा पोचतात तिथपर्यंतची वाळू सगळ्यांची आहे. हॉटेलासमोरून कुणीही चालत जाऊ शकतं, आणि ते योग्यच आहे.

निवांतपणा हवा असेल तर डोंगर ओलांडून, होनोलुलू ज्यावर आहे त्या ओआहू बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर जावं. वाइमानालोजवळ बेलोज हा हवाई दलाचा तळ आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये कामी आलेल्या एका तरुण वैमानिकाचं नाव त्याला दिलेलं आहे. इथे टॉवर नाहीत, लिफ्ट नाही. बैठी केबिनं आहेत, आत स्वयंपाकघर, बाहेर मांस-मासे भाजायची शेगडी, आणि समोर पांढऱ्या, पिठासारख्या वाळूचा लांबलचक किनारा. किनाऱ्याला लागून सुरूचं बन आहे. दापोली-अलिबागकडे वाळूच्या कडेने लावतात तेच हे झाड. वारा आला की तोच सूं-सूं आवाज, पायाखाली त्याच बारीक काड्या आणि टोचणारी गोल फळं. कोकणात वाढलेल्या माणसाला इथे डोळे मिटून बसलं तर आपण कुठे आहोत ते सांगता येणार नाही. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे दिवसभर वाहतात. सकाळी डोंगरावर ढग अडतात, पावसाची सर येते आणि जाते. लाटा लहान, पाणी उथळ. नुकतंच पोहायला शिकणाऱ्या मुलांसाठी याहून चांगली जागा ओआहूवर शोधावी लागेल. काळजी घ्यायची ती वाऱ्याबरोबर येणाऱ्या निळ्या बाटल्यांची. पावसाळ्यात जुहू-गिरगावला वाळूवर पडलेले दिसतात तेच हे निळसर फुगे. मेलेले दिसले तरी त्यांचे धागे डसतात.

या शांत किनाऱ्याला एक गोष्ट चिकटलेली आहे. ७ डिसेंबर १९४१ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला, त्याच सकाळी बेलोजवरही जपानी विमानांनी गोळ्या झाडल्या. त्या मोहिमेत जपानने दोघा-दोघांच्या बुटक्या पाणबुड्याही पाठवल्या होत्या. त्यांतल्या एकीचा दिशादर्शक बिघडला, ती भरकटत बेटाच्या या बाजूला आली आणि प्रवाळाच्या खडकात रुतली. काझुओ साकामाकी आणि त्याचा साथीदार पाण्यात उतरले. साथीदार बुडाला. साकामाकी किनाऱ्याला लागला आणि तिथेच शुद्ध हरपून पडला. डेव्हिड अकुई या हवाईयन सैनिकाने त्याला पकडलं. अमेरिकेच्या हाती लागलेला तो त्या युद्धातला पहिला कैदी. पाणबुडी ओढून काढली गेली, युद्धकर्जाचे रोखे विकण्यासाठी देशभर फिरवली गेली, आणि आता टेक्सासमधल्या संग्रहालयात आहे. साकामाकी युद्धानंतर टोयोटा कंपनीत मोठ्या पदावर पोचला आणि १९९१मध्ये ती पाणबुडी पाहायला टेक्सासला गेला. बेलोजच्या वाळूत मुलं किल्ले करत असतात, त्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

आणखीही एक गोष्ट सांगायला हवी, ती सुट्टीच्या माहितीपत्रकात नसते. वाइमानालोची ही जमीन हवाईच्या राजसत्तेची होती. राणी लिलिउओकलानीला १८९३मध्ये पदच्युत केलं गेलं, १८९८मध्ये अमेरिकेने बेटं ताब्यात घेतली, आणि १९१७मध्ये हा भाग सैन्यासाठी राखला गेला. आजही वाइमानालोत मूळ हवाईयन वस्ती मोठी आहे आणि जमीन परत मिळावी ही त्यांची मागणी जुनी आहे. तळाचा एक भाग शनिवार-रविवारच्या सुट्टीत जनतेला खुला असतो. तेव्हा गावातली कुटुंबं तंबू, शेगड्या आणि आज्या-नातवंडं घेऊन येतात. पाहुण्याने त्यांच्याशी वागताना आपण कुणाच्या अंगणात उतरलो आहोत हे विसरू नये. हाले कोआच्या दरपत्रकाचं कौतुक करताना माझ्या मनात ही मागणीही असतेच. एका वर्गाला दिलेला न्याय दुसऱ्याच्या हक्काच्या जमिनीवर उभा आहे.

ओआहूच्याच कोरड्या पश्चिम किनाऱ्यावर, वाइआनाएला, सैन्याच्या केबिनांचं एक केंद्र आहे. कोरियाच्या युद्धात १९५१मध्ये मारला गेलेला आणि मरणोत्तर सर्वोच्च शौर्यपदक मिळालेला हर्बर्ट पिलिलाआउ याच गावचा. केंद्राला त्याचंच नाव आहे. पोकाई उपसागराचं पाणी बंधाऱ्यामुळे संथ असतं आणि सूर्यास्त समोरच होतो. कानेओहेच्या मरीन तळावरही किनाऱ्यालगत घरं मिळतात, पण तो विमानांचा तळ आहे. झोप हलकी असेल तर हे आधी लक्षात घ्यावं.

एकांत हाच निकष असेल तर काउआई बेटाच्या पश्चिम टोकाला बार्किंग सँड्स आहे. नौदलाच्या क्षेपणास्त्र चाचणी केंद्राच्या आवारातली ही घरं. चाचण्यांसाठी केंद्राच्या हाताशी ४२,००० चौरस मैलांचं आकाश आहे, आणि त्याच्या कडेला माणूस खुर्ची टाकून मावळतीला निइहाऊ बेटाची काळी रेघ पाहत बसतो. वाळू कोरडी असली की पायाखाली कुरकुरते. लिहुए विमानतळापासून अंतर तीसेक मैल, त्यामुळे गाडी हवीच आणि किराणाही वाटेत भरून घ्यावा. हिवाळ्यात इथला समुद्र खवळतो. त्या महिन्यांत तो पाहायचा, त्यात उतरायचं नाही. चाचणी असली की किनाऱ्याचा काही भाग बंदही होतो. जोडप्याला, वाचणाऱ्याला, मासे पकडणाऱ्याला मी हीच जागा सुचवेन. किशोरवयीन मुलांना घेऊन मात्र इथे येऊ नये. दोन दिवसांत ती कंटाळतील आणि तिसऱ्या दिवशी आई-बापांना कंटाळवतील.

जागा कोणतीही निवडा, नोंदणी लवकर करावी लागते. हाले कोआच्या खोल्या वर्षभर आधीपासून घेता येतात, आणि नाताळ किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी तेवढ्या आधी हालचाल करणंच शहाणपणाचं. १ जानेवारी २०२०पासून सेवेत अपंगत्व आलेल्या सर्व माजी सैनिकांना, लढाईत जखमी झाल्याबद्दल मिळणाऱ्या पर्पल हार्ट पदकाच्या धारकांना, माजी युद्धकैद्यांना आणि अपंग सैनिकांची काळजी घेणाऱ्या घरच्यांनाही कायद्याने या सोयी खुल्या झाल्या. रांग लांबली हे खरं. पण ज्याला सेवेत अपंगत्व आलं तो इतकी वर्षं फक्त निवृत्तिवेतनाच्या नियमात बसत नव्हता म्हणून दाराबाहेर होता, हेच मुळात चुकीचं होतं.

राहता राहिला प्रवास. सैन्याच्या मालवाहू विमानांत जागा उरली तर सैनिक आणि निवृत्तांना ती जवळजवळ फुकट मिळते. याला सगळे ‘स्पेस-ए’ म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या ट्रॅव्हिस तळावरून होनोलुलूच्या हिकम तळावर जाणारी विमानं त्यासाठी प्रसिद्ध आहेत. सी-१७ या मालवाहू विमानाच्या पोटात, भिंतीला पाठ लावून, पुढ्यात साखळदंडांनी बांधलेला माल पाहत काही तास बसायचं. थंडी असते, स्वेटर हवा. पण जागा देताना तातडीच्या रजेवरचा सैनिक पहिला आणि निवृत्त माणूस शेवटच्या, सहाव्या गटात. कधी लगेच नंबर लागतो, कधी दोन-तीन दिवस तळावरच काढावे लागतात. म्हणून भरवशाचं तिकीट नसेल तर सुट्टीचा पहिला मुक्काम ठरावीक तारखेच्या केबिनात ठेवू नये. परतीला तर जास्तच जपावं, कारण उन्हाळ्यात बदल्यांवर निघालेल्या कुटुंबांनी हिकमचं टर्मिनल भरलेलं असतं. सुट्टीचे शेवटचे दोन दिवस मोकळे ठेवावेत आणि त्या रात्रींसाठी किनारा सोडून हिकम तळाच्याच विश्रामगृहात खोली घ्यावी. म्हणजे पहाटे नावं पुकारली जातात तेव्हा सामानासह टर्मिनलवर हजर राहता येतं.