अखेरच्या उपचारांविषयी घरात आजच बोलावे

मसाला बाजार आणि दाणाबंदर मुंबईतून वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात आले, त्यास आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला. त्या व्यापारामागोमाग तिशी-चाळिशीतील जी कुटुंबे जुईनगर, सानपाडा, नेरूळ या परिसरात स्थिरावली, त्यांतील कर्ते पुरुष व गृहिणी आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत. सिडकोच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींतून दुपारी चक्कर मारली, तर अनेक दारांआड वृद्ध दांपत्य एकटेच आढळते. मुलगा पुण्यात किंवा परदेशात, मुलगी सासरी. या घरांत दुकानाच्या वाटणीचे मृत्युपत्र बहुधा तयार असते. मात्र आपण शुद्धीत नसताना आपल्या देहावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, याविषयी एक ओळही लिहिलेली नसते. नातवाच्या विवाहातील पदार्थांची यादी वर्षभर आधी ठरविणारे आपण या प्रश्नाला मात्र अशुभ म्हणून बाजूला सारतो.

हा प्रश्न न्यायालयापुढे आला तो मुंबईतूनच. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये पाशवी हल्ला झाला आणि त्यानंतर एकेचाळीस वर्षे त्या त्याच रुग्णालयात निश्चेष्ट अवस्थेत राहिल्या. पिंकी विराणी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. अरुणाताईंचे अन्न थांबविण्यास त्याने नकार दिला. परंतु काही प्रसंगी, उच्च न्यायालयाच्या अनुमतीने, जीवरक्षक उपचार थांबविता येतील हे तत्त्व मान्य केले. त्या रुग्णालयातील परिचारिकांनी आपल्या सहकारिणीची अखेरपर्यंत, म्हणजे मे २०१५ पर्यंत, शुश्रूषा केली. पण अरुणाताईंना स्वतःला काय हवे होते, हे सांगणारे कोणीही नव्हते.

ती उणीव भरून काढणारा निर्णय ९ मार्च २०१८ रोजी 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर आला. सन्मानाने मरण येणे हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग होय, असे सांगून पाच न्यायमूर्तींच्या पीठाने पूर्वलिखित वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली. त्या वेळची पद्धत इतकी किचकट होती की तिचा लाभ घेणे सामान्य माणसाला जवळजवळ अशक्यच होते. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती सुलभ झाली.

आजची रीत अशी आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, सुबुद्ध व्यक्तीने आपली इच्छा स्पष्ट शब्दांत लिहावी आणि दोन साक्षीदारांसमक्ष सही करून ती नोटरीकडून अथवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावी. न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाण्याची पूर्वीची अट आता उरलेली नाही. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या नातलगांची अथवा पालकांची नावे त्यात घालावीत. ती एकाहून अधिक देता येतात. प्रत त्यांना, कुटुंबाच्या डॉक्टरांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षकाला द्यावी. हे अभिरक्षक नेमले जावेत म्हणून डॉ. निखिल दातार यांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा राज्यात नेमणुका झाल्या. जुईनगरच्या रहिवाशांनी यासाठी नवी मुंबई महापालिकेच्या आरोग्य विभागात चौकशी करावी.

हे पत्र केव्हा लागू होते? आजार बरा होण्याची आशा नसेल आणि रुग्ण स्वतः निर्णय घेण्यास असमर्थ असेल, तेव्हाच. तेव्हाही रुग्णालयातील तज्ज्ञांचे एक मंडळ आणि त्यानंतर दुसरे मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचविलेला डॉक्टर असतो, अशा दोघांची संमती लागते. प्रत्येकाने शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यावे, अशी अपेक्षा आहे. इंजेक्शन देऊन जीवन संपविणे आपल्या देशात आजही गुन्हाच आहे, आणि वेदनाशमन व शुश्रूषा तर कधीच थांबत नाही.

येथे आपल्या अनेक वाचकांच्या मनात सल्लेखनेचा विचार येईल. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये कुंथलगिरी येथे सल्लेखना घेतली ती दृष्टी क्षीण झाल्यामुळे, पूर्ण जागृतीत. सल्लेखना हे शुद्धीतील व्रत आहे; वैद्यकीय इच्छापत्र बोलू लागते ते शुद्ध हरपल्यावर. राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये संथाऱ्यावर बंदी घातली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली; त्या वादाचा या कागदाशी संबंध नाही. दोहोंची सरमिसळ केल्याने घरात अकारण भीती निर्माण होते.

तरीही व्रतस्थ ज्येष्ठांसाठी या कागदाचे महत्त्व अधिकच आहे, असे माझे मत आहे. आयुष्यभर सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्या आजींना अतिदक्षता विभागात नाकातील नळीतून दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, अन्न दिले जाते. रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे हेपारिन बहुधा डुकराच्या आतड्यापासून बनते. अनेक कॅप्सूलांचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याचे असते. कोणी म्हणेल, जीव वाचत असेल तर औषध घ्यावे. कोणी म्हणेल, पर्याय असेल तो द्यावा, नसेल तर नको. उत्तर काहीही असो, ते ज्यांचे आहे त्यांनीच सांगावयास हवे. घाबरलेल्या सुनेने रात्री दोन वाजता त्याचा अंदाज बांधावा, ही अपेक्षा क्रूर आहे. कृत्रिम श्वसनयंत्र, डायलिसिस, हृदय बंद पडल्यावर छाती दाबून ते पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न, नळीने अन्न, या प्रत्येकाविषयी वेगळे लिहावे. 'उगाच हाल नकोत' एवढ्या वाक्यातून डॉक्टरांना काहीच बोध होत नाही, आणि संदिग्ध इच्छापत्र अमलातही येत नाही.

यंत्र नको म्हणजे घरी नेऊन सोडणे नव्हे. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारजे येथील सिप्ला केंद्र १९९७ पासून कर्करुग्णांची वेदनाशामक सेवा करीत आहेत. शेजारच्या खारघरला टाटा स्मारकाचे केंद्र आहे. आपल्या डॉक्टरांना 'घरी वेदनाशमनाची सोय कोण करील' असा प्रश्न आधीच विचारून ठेवावा.

लिहिलेले बदलता येते. नवे इच्छापत्र जुन्याची जागा घेते. नाव मात्र विचारपूर्वक निवडावे. थोरला मुलगा हा रूढीने ठरलेला उमेदवार असतो, पण बापाचा हात सोडणे ज्याला सर्वांत जड जाईल तोही बहुधा तोच. कधी धाकटी लेक अधिक खंबीर निघते. परदेशातील अपत्याला कागदाची प्रत पाठवून भागत नाही. विमानातून उतरून ते थेट रुग्णालयात येते आणि 'सर्व उपाय करा' म्हणते. त्यामागे प्रेम असते, तितकीच दूर राहिल्याची खंतही. म्हणून त्याने हे आईच्याच तोंडून, ती धडधाकट असताना, व्हिडिओ कॉलवर का होईना, ऐकलेले असावे, आणि त्या वेळी इतर भावंडेही समोर बसलेली असावीत.