नागपूरचे विधानभवन : करारातून मिळालेले दिवस

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधले विधानभवन वर्षातले बहुतेक महिने शांत असते. डिसेंबर जवळ आला की रंगरंगोटी सुरू होते, रवी भवनातल्या कॉटेजवर मंत्र्यांच्या नावांच्या पाट्या लागतात, रामगिरी आणि देवगिरी या बंगल्यांभोवती पोलिसांचे तंबू पडतात, मुंबईहून फायली येतात. दोन आठवडे, अलीकडे कधी कधी एकच आठवडा, राज्याचे सरकार इथे राहते आणि मग पाट्या उतरतात. उरलेल्या महाराष्ट्रात या सोहळ्याबद्दल ठरावीक बोलले जाते: हुरडा, संत्री, सावजी आणि थंडी, थोडक्यात सरकारी सहल. असे म्हणणारे विदर्भातही कमी नाहीत, आणि ते अगदीच खोटे बोलतात असेही नाही. पण हे मत सभागृह पाहून बनलेले आहे. या वास्तूचे मोलाचे काम तिच्या कुंपणाबाहेर, मोर्चे अडवले जातात त्या रस्त्यांवर चालते. मुंबईतली सत्ता डळमळली की पहिला फटका याच कामाला बसतो, आणि त्याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते.

सत्तांतराची किंमत मोजण्याची सवय या शहराला जुनी आहे. तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, नागपूर त्याची राजधानी झाले. पुढे १९०३ मध्ये वऱ्हाड त्याला जोडला गेला. प्रांताचे कायदेमंडळ १९१४ पासून इथे भरू लागले. हा प्रांत हिंदी भाषक महाकोशल आणि मराठी भाषक नागपूर-वऱ्हाड यांची मोट होता, आणि ती किती सैल होती हे जुलै १९३८ मध्ये उघड झाले. मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे यांचे रविशंकर शुक्ल आणि द्वारकाप्रसाद मिश्र या महाकोशलच्या मंत्र्यांशी बिनसले. खऱ्यांनी त्यांना वगळून नवे मंत्रिमंडळ बनवले, काँग्रेसश्रेष्ठींनी खऱ्यांनाच पायउतार केले आणि शुक्ल मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला नागपूरच्या विधानसभेने वेगळ्या विदर्भाचा ठराव मंजूर केला. एकातून दुसरे निघाले असे म्हणायला पुरावा लागेल, कारण मागणी आधीचीच होती. तरी अवघ्या दोन-अडीच महिन्यांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एवढे नक्की दिसते: वरच्या खुर्च्यांचे भांडण खालच्या प्रदेशाला आपले स्थान नव्याने विचारायला लावते.

स्वातंत्र्यानंतर तोच प्रश्न मोठ्या प्रमाणात आला. मराठी भाषकांचे एक राज्य करायचे तर विदर्भाला राजधानी सोडून मुंबईमागे जावे लागणार होते. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावर यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे यांच्यासोबत रा. कृ. पाटील, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर या वैदर्भीय नेत्यांनी सह्या केल्या. निधीत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा, नोकऱ्यांत आणि तंत्रशिक्षणात न्याय्य स्थान, उच्च न्यायालयाचे पीठ, आणि दरवर्षी ठरावीक काळासाठी सरकारने नागपुरात मुक्काम करून विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तिथे घ्यायचे, अशी त्यातली वचने होती. १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाचीच शिफारस केली होती. ती बाजूला ठेवली गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ झाली, आणि शतकाच्या आसपास राजधानी असलेले शहर एका रात्रीत जिल्ह्याचे ठिकाण झाले. १९६० मध्ये महाराष्ट्र झाल्यावर त्याच वर्षी नागपुरात हिवाळी अधिवेशन भरले.

इथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळे, निधीचे समन्यायी वाटप, तंत्रशिक्षण आणि नोकऱ्या हे सगळे आले. अधिवेशन मात्र आले नाही. ते राजकीय वचन म्हणूनच राहिले. पैशाच्या वचनाचे मोजमाप होऊ शकते. दांडेकर समितीने १९८४ मध्ये ते केले आणि राज्याच्या एकूण अनुशेषातला सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या विदर्भाचा काढला. दिवसांच्या वचनाचा अनुशेष मात्र कुठलीही समिती काढत नाही. अधिवेशन किती दिवस चालावे हे कामकाज सल्लागार समिती ठरवते, म्हणजे त्या त्या वेळचे बहुमत आणि त्याच्या सोयी ठरवतात. करारातल्या सगळ्या वचनांत सरकारला सर्वांत सहज कापता येणारे हेच एक आहे.

हे दिवस कोणाच्या कामाचे? सभागृहातले तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी मुंबईतही मांडता येतात. यशवंत स्टेडियमवरून निघणारा मोर्चा मात्र मुंबईला नेता येत नाही. गडचिरोलीतून, मेळघाटातून, गोंदियाच्या धानपट्ट्यातून एसटीने किंवा टेम्पोने नागपूर गाठता येते आणि त्याच दिवशी परतीची वाट धरता येते. त्यात डिसेंबर म्हणजे कापूस वेचणीचा आणि धान खरेदीचा महिना. भाव पडलेले असतात तेव्हाच सरकार हाकेच्या अंतरावर असते. मोर्च्यांत कोण असते हे पाहिले की अधिवेशनाचा अर्थ कळतो: अंगणवाडी सेविका, आशा, कोतवाल, विनाअनुदानित शिक्षक, हलबा, माना, गोवारी, धनगर. यातल्या अनेकांकडे स्वतःचा आमदार नाही, वर्तमानपत्र नाही, मंत्रालयात ओळख नाही. मोर्चा बॅरिकेडपाशी थांबतो, शिष्टमंडळ आत जाते, खात्याचा मंत्री निवेदन घेतो, बैठकीची तारीख देतो. बरेचदा एवढेच घडते. पण हे एवढे न घडले तर काय होते, ते याच परिसरात २३ नोव्हेंबर १९९४ रोजी दिसले. अनुसूचित जमातीच्या सवलती मागणाऱ्या गोवारी समाजाचा विराट मोर्चा निवेदन घ्यायला मंत्री येण्याची वाट पाहत अडून होता. गोंधळ उडाला, लाठीमार झाला आणि चेंगराचेंगरीत ११४ जण मेले, त्यांत बायका आणि मुले मोठ्या संख्येने होती. झिरो माईलजवळचे शहीद गोवारी स्मारक त्यांचे आहे. त्यांची मागणी पुढे न्यायालयात गेली, २०१८ मध्ये नागपूर खंडपीठात मान्य झाली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात फेटाळली गेली. मागणी कायद्यात बसत होती की नव्हती हा वेगळा वाद आहे. ती ऐकून घ्यायला कोणी समोर उभे असणे हा त्या दिवशीचा प्रश्न होता.

आता अलीकडची वर्षे पाहू. नोव्हेंबर २०१९ मध्ये महिनाभराच्या उलथापालथीनंतर उद्धव ठाकरे यांचे सरकार आले. अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर असे सहा दिवसांचे झाले, तेव्हा मुख्यमंत्र्यांखेरीज फक्त सहा मंत्री होते. पूर्ण विस्तार अधिवेशन उरकल्यावर ३० डिसेंबरला झाला. २०२० मध्ये कोविडमुळे नागपूरचे अधिवेशन झालेच नाही, आणि २०२१ मध्येही नाही. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. २०२३ च्या डिसेंबरात नागपूरची पहिली बातमी फुटलेल्या राष्ट्रवादीचे आमदार नवाब मलिक कोणत्या गटाच्या बाकांवर बसले ही होती, आणि विधानसभा अध्यक्ष शिवसेना आमदारांच्या अपात्रतेची सुनावणी याच इमारतीत घेत होते. २०२४ मध्ये १५ डिसेंबरला नागपूरच्या राजभवनात ३९ मंत्र्यांचा शपथविधी झाला. शहराला त्याचे अप्रूप वाटले, आणि ते साहजिक होते. दुसऱ्या दिवशी अधिवेशन सुरू झाले, तारखा पुन्हा १६ ते २१, आणि खातेवाटप जाहीर झाले ते २१ तारखेला. म्हणजे त्या आठवड्यात मोर्चा घेऊन आलेल्याला नागपुरात मंत्री भरपूर दिसत होते, पण आपल्या खात्याचा मंत्री कोणता हे मंत्र्यांनाही ठाऊक नव्हते. या शहराला फुटीचा रंगमंच होणे नवे नाही. छगन भुजबळांनी शिवसेना सोडली तीही १९९१ च्या नागपूर अधिवेशनात. फरक असा की तेव्हा फूट ही अधिवेशनातली एक घटना होती, आता अधिवेशनच फुटीच्या वेळापत्रकात बसवले जाते.

यावर पहिला आक्षेप निघतो तो याच २०१९ च्या अधिवेशनाचा. सहा दिवस आणि मूठभर मंत्री असूनही दोन लाखांपर्यंतच्या शेतकरी कर्जमाफीची घोषणा नागपुरातच झाली की! झाली, आणि ती मोठी होती. पण तशी घोषणा मुख्यमंत्री करतात. तिच्यामागे राज्यभराचे मतदार आणि निवडणुकीतली आश्वासने असतात. कोतवालांच्या मानधनाला किंवा एखाद्या छोट्या जमातीच्या दाखल्यांना तसे बळ नसते. त्यांचे काम खात्याच्या मंत्र्यावाचून आणि सचिवावाचून पुढे सरकत नाही. मोठ्या समूहांना अपुरे सरकारही पुरते, लहानांना पूर्ण सरकार लागते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. सारे प्रशासन आठशे किलोमीटर हलवायचे, मग तिथे मंत्री फार काळ थांबत नाहीत, तर हे करायचे कशाला? खरे म्हणजे हा आक्षेप अधिवेशनाच्या विरोधात कमी आणि त्याच्या आखूडपणाच्या विरोधात जास्त जातो. नेण्या-आणण्याचा, सजावटीचा, बंदोबस्ताच्या उभारणीचा खर्च सहा दिवसांनाही करावा लागतो आणि वीस दिवसांनाही. दिवस कमी केले की प्रत्येक दिवस महाग पडतो. अधिवेशन नागपुरातच ठेवून फक्त ऋतू बदलण्याचा प्रयोगही झाला: २०१८ मध्ये पावसाळी अधिवेशन इथे घेतले, ६ जुलैला पावसाचे पाणी विजेच्या यंत्रणेत शिरले, इमारत अंधारात गेली आणि कामकाज थांबले; त्या वर्षीचे हिवाळी अधिवेशन मुंबईत झाले. पाऊस हा कोणत्याच पक्षाचा नसतो, हे त्यातल्या त्यात समाधान.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मारोतराव कन्नमवार, वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक, देवेंद्र फडणवीस: विदर्भाने इतके मुख्यमंत्री दिले असताना करारातल्या दिवसांचे रडगाणे किती काळ? मुख्यमंत्री विदर्भाचा असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे, वर्षानुवर्षे टिकली तर उपयोगाचीही. पण मुख्यमंत्री हा बहुमताचा असतो, आणि बहुमत जिथे जुळवायचे तिथे त्याचा वेळ जातो. १९९१ ची फूट घडली तेव्हा मुख्यमंत्री यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे सुधाकरराव होते. २०२४ चा बिनखात्यांचा आठवडा घडला तेव्हा मुख्यमंत्री खुद्द नागपूरचे होते. माणूस कुठला आहे यावर हे ठरत नाही, याचा याहून सरळ दाखला सापडणे कठीण. समृद्धी महामार्गाने अंतर कमी झाले हा युक्तिवादही असाच. ७०१ किलोमीटरचा रस्ता गाडी असलेल्याला जवळ करतो; सिरोंच्याच्या कोतवालाला आधी नागपूर गाठावे लागते.

करारातले दुसरे आधारही सध्या धड उभे नाहीत. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, आणि पुनर्गठनाचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तो सप्टेंबर २०२२ मध्ये, म्हणजे मध्ये एक सरकार पडून दुसरे आल्यावर. मंडळे नसताना अनुशेषावर बोलण्याची जागा विधानभवन आणि त्याच्यासमोरचा रस्ता एवढीच उरते. अशा वेळी किमान बैठकांची संख्या आणि खातेवाटप झाल्याशिवाय नागपूरचे अधिवेशन सुरू न करण्याचा नियम, या दोन गोष्टी विधिमंडळाला स्वतःच्या ठरावाने करता येतील. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही की केंद्राची परवानगी. एक सोय तर आधीच झालेली आहे. जानेवारी २०२१ मध्ये, अधिवेशन न झालेल्या हिवाळ्यातच, नागपूरच्या विधानभवनात विधिमंडळ सचिवालयाचा कायमस्वरूपी कक्ष सुरू झाला. मोर्च्यांची निवेदने तिथे नोंदवून घ्यायची, मंत्र्याने दिलेल्या बैठकीची तारीख पाळली गेली की नाही हे पुढच्या डिसेंबरात सभागृहापुढे ठेवायचे, एवढे काम त्या कक्षाला दिले तर सत्तेत कोण आले आणि कोण गेले यावर अवलंबून न राहता ते वर्षभर चालू शकते.