चैत्रातले डोळे आणि बाटलीतला थेंब

चैत्र लागला की कोल्हापुरात डोळे चोळणारी माणसे दिसू लागतात. हंगामाच्या अखेरीस गुऱ्हाळाचा धूर, मोकळ्या रानात पेटवलेला उसाचा पाला, कोरडा वारा, झाडांचे पराग, ओढ्याकाठी वाढलेले गाजरगवत आणि जोतिबाच्या यात्रेतला गुलाल, या साऱ्यांना एकाच तराजूत घालून आपण म्हणतो, "अ‍ॅलर्जी झाली." ते तसे नव्हे. धूर आणि गुलाल डोळ्याला बहुधा नुसतेच झोंबतात. गुलाल डोळ्यात गेला तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. बाटली शोधीत बसू नये.

खऱ्या अ‍ॅलर्जीची खूण म्हणजे खाज. पापणीच्या आतल्या पातळ आवरणात काही पेशी हिस्टामिन नावाचे द्रव्य साठवून बसलेल्या असतात. न मानवणारा परागकण आला की त्या पेशी फुटतात, हिस्टामिन बाहेर पडते, आणि डोळा खाजतो, लाल होतो, पाझरतो. या द्रव्याला आवर घालणारी औषधे शोधण्याच्या कामाबद्दल दानिएल बोवे या शास्त्रज्ञाला १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. औषधाची युक्ती साधी आहे. पंगतीत पाहुणा येण्याआधीच त्याच्या पाटावर दुसऱ्याने बसावे, तसे हे औषध हिस्टामिनची जागा अडवून बसते. पाहुणा आधीच बसला असेल तर मात्र त्याला उठवणे जड जाते. म्हणून ज्यांना दरसाल त्रास होतो त्यांनी डॉक्टरांना विचारून हे थेंब हंगामभर नेमाने घालणे बरे; खाज असह्य झाल्यावर चार-चार थेंब ओतण्यात अर्थ नाही.

ओलोपॅटाडीन व केटोटिफेन हे आजचे परिचित थेंब जागा अडवतात आणि त्या पेशींनाही शांत ठेवतात. ओलोपॅटाडीन ०.१ टक्के असेल तर दिवसातून दोनदा, ०.२ टक्के असेल तर एकदाच. म्हणजे बाटलीवरचा आकडा वाचल्यावाचून शेजारणीच्या सांगण्यावर विसंबू नये. हात धुवावेत, खालची पापणी किंचित ओढून एकच थेंब सोडावा, बाटलीचे टोक डोळ्याला लागू देऊ नये, आणि डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरावा. दुसरा थेंब डोळ्यात मावतच नाही, गालावरून ओघळून जातो. दुसरे औषध घालावयाचे असल्यास पाच-दहा मिनिटे थांबावे. डोळ्यात भिंग वापरणाऱ्यांनी ते काढून थेंब घालावेत आणि निदान पंधरा मिनिटांनी पुन्हा बसवावे.

आता जे सांगण्यासाठी मी मुख्यतः उभा आहे ते सांगतो. दुकानात "डोळ्याचे थेंब द्या" म्हटले की कधी कधी हाती पडते ते स्टेरॉइड. बीटामेथासोन, डेक्सामेथासोन ही नावे बाटलीवर शोधा. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास कायद्याने बंदी आहे. त्यांनी खाज झटकन थांबते, आणि तीच त्यांची मेख आहे. रिकामी बाटली दाखवून दुसरी आणली जाते, मग तिसरी. महिनोन् महिने हे चालले तर कित्येकांच्या डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू होतो, मोतीबिंदूही होतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही, आणि जाताना बहुधा दुखतही नाही. डॉक्टर हे थेंब मोजक्या दिवसांसाठी देतात, डोळ्याचा दाब तपासतात. तो उपचार योग्यच आहे. बाटलीला दोष नाही, दोष आपल्या परस्पर कारभाराला आहे.

याचे बळी बहुधा शाळकरी मुले ठरतात. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत, आणि त्यांतही मुलग्यांत अधिक, एक हट्टी नेत्रविकार आढळतो. वैद्यकाने त्याला वसंत ऋतूचेच नाव दिले आहे, पण आपल्या उष्ण हवेत तो कित्येकांना बारमाही छळतो. यात डोळ्यातून दोऱ्यासारखा चिकट स्राव येतो, उजेड सोसत नाही. याला साधे थेंब अनेकदा अपुरे पडतात आणि नेत्रतज्ज्ञ सायक्लोस्पोरीनसारखी निराळी औषधे देतात. अशा मुलाला रागावून "चोळू नको" म्हणण्यापेक्षा थंड पाण्याची पट्टी डोळ्यावर ठेवावी. चोळण्याची सवय मात्र मोडलीच पाहिजे, कारण सतत चोळल्याने बुबुळाचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येऊ शकतो.

डोळा दुखू लागला, उजेड खुपू लागला, अंधुक दिसू लागले किंवा पू येऊ लागला, तर ही नुसती अ‍ॅलर्जी समजू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची साथ आली होती, ती संसर्गाची. तिथे खाजेच्या औषधाचे काम नाही. लाली घालविणारे, रक्तवाहिन्या आकसणारे थेंबही दोन-तीन दिवसांपलीकडे घालू नयेत; ते सोडताच डोळा पूर्वीपेक्षा लाल होतो. काचबिंदूवाल्यांनी तर विचारल्याशिवाय त्यांना हातच लावू नये. मध, एरंडेल, गुलाबपाणी यांचीही डोळ्यात रवानगी करू नये.

बाटली फोडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहून ठेवा. बहुतेक बाटल्या महिन्याभराने टाकून द्यावयाच्या असतात, आत औषध उरले असले तरी. आणि एकाची बाटली दुसऱ्याच्या डोळ्याला नको, भावंडांतसुद्धा.