कियारा म्हणजे काय, वहिनी?

नोकरी हिंजवडीत, पण बाळाचं बारसं मात्र गावी, हिंगोलीत! यादीत नावं कोणती? कियारा, मायरा, रायन... एकदम हटके. पण पाळण्याशी आत्याबाई विचारणारच, ‘वहिनी, याचा अर्थ काय?’ तेव्हा थोडा होमवर्क हवाच.

कियारा आपल्याकडे पोचलं 2010 च्या ‘अंजाना अंजानी’तल्या प्रियांका चोप्रामुळे. मूळ शोधायला जाल, तर खरी गंमत. आयर्लंडच्या ‘कीरा’शी नातं जोडलं तर अर्थ काळ्या केसांची, सावळी. इटलीच्या ‘कियारा’शी जोडलं तर उजळ, तेजस्वी, इंग्रजीतल्या क्लारा आणि क्लेअर हिच्याच बहिणी. आता निवडा! आमचं मत विचाराल तर बिनधास्त ‘सावळी’ म्हणा. संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नरसी याच जिल्ह्यातलं. सावळ्या विठ्ठलाच्या मुलखात हा अर्थ कोण नाकारेल?

मायरा तर चक्क कविकल्पना. फुल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीनं प्रेमकवितांसाठी घडवलेली.

आणि हो, घाई नको. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण दाखल्यावर नाव 12 महिन्यांपर्यंत फुकट घालता येतं. नंतर लेट फी. आत्याबाईंना पटवायला तेवढा वेळ पुरे!