पामर इंडेक्सची बेरीज करण्याआधी

पाण्याची रासायनिक चाचणी नमुना घेतला त्या वेळचं पाणी सांगते. रात्री कुणी सांडपाणी सोडलं आणि सकाळपर्यंत ते वाहून गेलं, तर रिपोर्ट चांगला येऊ शकतो. शेवाळ मात्र तिथेच वाढतं. दगडाला चिकटलेल्या शेवाळाच्या जाती बघून आधीच्या काही आठवड्यांतलं पाणी कसं होतं, याचा अंदाज येतो.

(नुसत्या रंगावर जाऊ नका. आपल्याच जिल्ह्यातलं लोणार सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झालं, तेव्हा अनेकांनी शेवाळाचं नाव घेतलं. पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत निघाले हॅलोआर्किया!)

आता पामर इंडेक्स. अमेरिकेतल्या सी. मर्विन पामर यांनी १९६९ मध्ये १६५ लेखकांच्या नोंदी एकत्र करून सेंद्रिय प्रदूषण सहन करणाऱ्या २० प्रजातींना १ ते ५ गुण दिले. बेरीज २० किंवा जास्त आली तर प्रदूषण जास्त, १५ ते १९ आली तर बहुधा आहे. सोपं आहे, म्हणून आपण सगळे तेच वापरतो.

पण समजा, जळगाव जामोद तालुक्यातल्या एका नाल्याचा नमुना आहे. युग्लिना ५, ऑसिलेटोरिया ५, सीनेडेस्मस ४, नॅव्हिक्युला ३, निट्झशिया ३. झाले २०. ‘पाणी प्रदूषित’ असं लिहून मोकळे व्हाल?

थांबा. इथे सातपुड्याच्या पायथ्याखाली पूर्णेचा खारपाण पट्टा सुरू होतो. निट्झशिया आणि नॅव्हिक्युला या डायटमच्या काही जाती सांडपाण्यात फोफावतात, काहींना क्षार मानवतात. निट्झशिया पॅलिया असेल तर ते ३ गुण रास्त. पण दोन्ही डायटम क्षारांमुळे आले असतील तर उरतात १४, म्हणजे निष्कर्षच बदलला. गावाला सांडपाणी अडवायला सांगायचं की नाही, हे त्या ६ गुणांवर ठरतं.

म्हणून प्रत्येक नमुन्यासोबत विद्युतवाहकता मोजाच. डायटम आम्लाने स्वच्छ करून सिलिकाच्या कवचावरच्या रेघा बघा, नुसत्या प्रजातीवर थांबू नका. वेळखाऊ, कंटाळवाणं काम आहे, मान्य. आणि एका बाटलीतल्या नमुन्यात लुगोल्स आयोडीन टाकून ठेवा, पण दुसरी बाटली जिवंत ठेवा. युग्लिना हलताना ओळखणं कितीतरी सोपं जातं.